मनगटावरचे दोन दाब

वस्तरा कानशिलापाशी आला असताना रस्त्यावरून कोणीतरी आपल्याला हाक मारत चाललंय असं पंडितला वाटलं आणि त्याने झटकन मान वळवली. सिताराम न्हाव्याने हात वेळीच मागे घेतला म्हणून बरं, नाहीतर कानाची पाळी हातात आली असती. "जरा दमानं की पैलवान," सिताराम म्हणाला, "मपला धंदा बसवता का?" परभणीच्या बसस्थानकाकडून एक सायकलरिक्षा येत होती. तिच्यावर कर्णा बांधला होता आणि आत बसलेला माणूस घसा फोडून सांगत होता की आज सायंकाळी ठीक सहा वाजता, पब्लिकच्या आग्रहाखातर, मराठवाड्याचा शेर चंद्रभान पैलवान आणि काळा नकाब यांच्यात निकाली दंगल होईल. काळा नकाब कोण, कुठला, कोणाला ठाऊक नाही. हरला तर नकाब उतरणार. रिक्षा दुकानासमोरून गेली. मागच्या फळीवर ते चित्र होतंच, काळ्या कापडातून बघणारे दोन डोळे आणि खाली उघडी छाती. ती छाती पंडितची होती. चार दिवसांपूर्वीपर्यंत काळा नकाब म्हणजे तोच होता, चांगली चार वर्षं होता, आणि आता तो तोंडाला साबण फासून खुर्चीत बसलेला असताना काळा नकाब संध्याकाळी सहाला लढणार होता.

"म्या बघितलाय त्याला मागच्या आठवड्यात," सिताराम म्हणाला. "काय मान हाय. तुमची बी तशीच भरलेली हाय म्हणा, पर त्याची गोष्टच येगळी." पंडितला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. कंपनी सोडताना नकाबाची नीट घडी घालून त्याने ती रंगनाथशेठच्या बाजेवर ठेवली होती, आणि मनातल्या मनात धरून चालला होता की निदान दोन-तीन खेळ तरी बंद पडतील, शेठ माणूस पाठवील, चंद्रभान स्वतः येईल. कोणी आलं नाही. तंबूचे खुंट ठोकणाऱ्यांपैकी एखादा दांडगा पाहून त्याच्या डोक्यावर ते कापड ओढलं असणार. कापडाला अजून पंडितच्याच डोक्याचं तेल असेल. घरातलं माणूस जावं आणि त्याच संध्याकाळी घरच्यांनी ताट वाढून घ्यावं, तसं त्याला वाईट वाटलं, आणि आपणच उठून गेलो असताना वाईट कशाचं वाटून घ्यायचं, याचा रागही आला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "खरी असती का हो त्यांची कुस्ती?" सितारामने वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला. "खरी असती तर रोज कशाला खेळले असते? हाडं राहिली असती का? पर पैलवान, पडतंय तर खरंच की. इतक्या वरून पडलेलं माणूस खोटं कसं पडंल?" पंडितने डोळे मिटून घेतले. चार वर्षांत त्याच्या कामाबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

पडणं खरंच होतं, म्हणून तर सांगणं होतं. कंपनीत त्याला सांगणं म्हणत. समोरच्याला उचलण्याआधी त्याच्या मनगटावर अंगठ्याने दोन हलके दाब द्यायचे. मग एक श्वास थांबायचं. तेवढ्यात तो मान आत घेतो, पाठ गोल करतो, टाचांनी जमीन सोडतो आणि आपलं सगळं वजन तुमच्या हवाली करतो. मग टाकायचं. पत्र्याच्या कुंपणात बसलेल्या दोन हजार लोकांना दिसतं की काळ्या नकाबाने शेराला आकाशात उचलून आपटलं, आणि शेर मनात म्हणत असतो की आज जरा डावीकडे गेला. एक दाब म्हणजे सोड. तीन म्हणजे मला खरंच लागलंय. हे पंडितला शिकवलं ते चंद्रभाननेच. चाळिशीचा, पालमचा, दोन्ही कान चुरगळून भज्यांसारखे झालेला हा माणूस रोज संध्याकाळी पंडितला आपटायचा आणि रोज सकाळी त्याच्या पाठीला तेल लावायचा. "डाव कोणालाबी येतात," तो म्हणायचा. "सांगता आलं पायजे. ज्यानं न सांगता टाकलं त्यानं खून केला समज." हैदराबादकडच्या एका खेळात एकाने न सांगता टाकलं होतं. तो पडलेला माणूस पुढे दोन वर्षं खाटेवर होता, आणि चंद्रभानने त्या दिवशी गाडी येईस्तोवर त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. कसं धरायचं तेही त्याने पंडितला करून दाखवलं होतं, तळवे कानांवर, बोटं मानेखाली, काहीही झालं तरी हलायचं नाही. पहिल्या वर्षी पंडितला हे सगळं फार थोर वाटायचं. दोन माणसं एकमेकांच्या माना सांभाळून जगाला फसवतात, यात त्याला मजाही वाटायची. पुढे पुढे संध्याकाळी नकाब घालायला तो उशीर लावू लागला.

त्याने रंगनाथशेठला एकदाच विचारलं होतं. नकाब काढून खेळतो, नाव लावा. शेठ वाईट माणूस नव्हता. वेळेवर जेवण द्यायचा, आजारपणात औषध द्यायचा आणि कोणाची जात काढायचा नाही. त्याने पान लावत ऐकून घेतलं. "कोणतं नाव लावू?" "मपलंच. पंडित आश्रुबा खिल्लारे." शेठने चुना पुसला. "हे बघ लेका. विद्यापीठाच्या नावाचं अजून तसंच लोंबकळायलंय. रोज मोर्चा, रोज काई ना काई. तुपलं नाव बोर्डावर लावलं की अर्धं पब्लिक ह्या बाजूला बसंल, अर्धं त्या बाजूला. तू जिंकलास तरी दगड, हरलास तरी दगड. मपल्या तंबूत कुस्ती राहू दे बाबा. नकाबाला काय तकलीफ हाय तुला? नकाबाला कोणी इचारतं का, कोणाचा तू म्हणून?" त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच पंडितला ते गिळता आलं नाही. तरी तो त्यानंतर आठ महिने राहिला. माणूस नुसत्या खऱ्या बोलण्याने उठून जात नाही.

तो उठला पालमला, चंद्रभानच्या घरून जेवून आल्यावर. बाजारच्या दिवशी तिथे खेळ होता आणि चंद्रभान त्याला दुपारी घरी घेऊन गेला. दारात नीम, ओसरीत कापसाची गाठोडी, आत चुलीवर पिठलं. चंद्रभानची आई कुसुमबाई, पाठीतून वाकलेली पण डोळ्यांनी धारदार, ताट मांडता मांडता म्हणाली, "चंद्रभान, हे लेकरू कोणाचं म्हणायचं?" पंडितने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या चंद्रभानचा हात आला आणि पंडितच्या मनगटावर अंगठ्याचे दोन दाब पडले. "आपल्यातलंच हाय, माय. पाथरीकडचे पाव्हणे," चंद्रभान म्हणाला. आणि पंडितच्या अंगाने रोजच्यासारखं केलं. मान आत गेली, पाठ गोल झाली, तो हलका झाला आणि पडला. "व्हय," तो म्हणाला, "पाथरीकडचा." म्हातारीने मायेने पिठल्यावर तेलाची धार धरली. पंडित जेवला, दोनदा वाढून घेतलं, आणि घरातल्या त्या चांगल्या माणसांत बसून त्याला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. चंद्रभानची नाही आली. चंद्रभानने मायेपोटी केलं, हे त्याला कळत होतं. आईला दुखवायचं नव्हतं, पंडितलाही दुखवायचं नव्हतं, सगळ्यांच्या माना सांभाळून त्याने डाव टाकला होता. आपलं अंग विचारायला थांबलंच नाही, याची किळस होती. निरोप घेताना चंद्रभानने अडवलं नाही. फडात उतरणार म्हणतोस तर उतर, असं म्हणून तो बराच वेळ पायाने माती उकरत राहिला, मग म्हणाला, "तिथं कोणी सांगत न्हाई, पंडित. ध्यानात ठेव."

दाढी झाली, सितारामने मान चोळून दिली, आणि पंडित लांग आणि टॉवेल घातलेली पिशवी घेऊन सेलूच्या गाडीत बसला. वालूरच्या पुढच्या एका खेड्यात त्या दिवशी जत्रेचा फड होता. हे काही त्याने आज ठरवलं नव्हतं. चार दिवस तो हेच घोकत होता. आता कोणत्याही कंपनीत राहायचं नाही, जत्रा जत्रा फिरायची, जोड लागेल ती खेळायची, आणि पंचाने नाव विचारलं की बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट सांगायचं. कर्ण्यावरून ते पाचदहा हजार माणसांच्या कानांत जाईल. मग जिंको नाहीतर हरो. सकाळी निघताना त्याने आईला, सरजाबाईला, एवढंच सांगितलं की खरी कुस्ती खेळायला चाललोय. ती ज्वारी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "मंग आतापस्तोर काय खेळत व्हतास?" गाडी मानवत रोडला थांबली तेव्हा तो त्या प्रश्नाचं उत्तर तयार करत होता, आणि ते काही केल्या जमत नव्हतं.

खिडकीतून काळी रानं सरकत होती, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्याच, ऊन नुसतं बसलेलं. असल्या रानात रात्रभर निजल्याचं त्याला आठवलं, म्हणजे ते आठवायला लागत नसे, ते अंगातच होतं. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला त्या दिवसांत, तो अकरा वर्षांचा होता. पिंपळटाकळीत त्याचा बाप आश्रुबा दत्तरावाकडे साल धरून होता. एका संध्याकाळी दत्तराव स्वतः बौद्धवाड्याच्या तोंडाशी आला, आत आला नाही, बांधावर उभ्याउभ्या म्हणाला, "आश्रुबा, आज लेकरं घिऊन घरात निजू नको." बस. एवढंच बोलून गेला. बापाने घाईने पोरं, एक पेटी आणि शेळी ज्वारीत नेली. तिथून त्यांना आपलं घर जळताना दिसलं, आणि उजेडात फिरणारी माणसंही दिसली, ओळखीच्या चालीची. पुढे सगळे परभणीला आले, बाप मोंढ्यात हमाल झाला, आणि दत्तरावाचं नाव निघालं की तो म्हणायचा, देवमाणूस, सांगितलं म्हणून वाचलो. सरजाबाई एकदाच मध्ये बोलली होती. "सांगाया बी त्योच आल्ता अन् जाळाया बी त्योच. म्या बघितलं न्हाई का त्याचं धोतर?" बाप पुढल्या खेपेला पुन्हा देवमाणूसच म्हणाला. पंडितला लहानपणी वाटायचं, दोघांतला एक खोटा असणार. कंपनीत चार वर्षं काढल्यावर त्याला कळलं की दोघंही खरं सांगत होते. आधी सांगायचं, मग टाकायचं. पडणाऱ्याने मान आत घ्यायची आणि उपकार मानायचे. हे लक्षात आलं त्या रात्री त्याला झोप आली नव्हती, आणि चंद्रभान शेजारी निवांत घोरत होता.

फड मोठा होता. शेताच्या उतारावर माणसं बसलेली, झाडांवर माणसं, मधे कालवलेली तांबूस माती आणि कडेला हलग्या. मातीकडे बघताना पंडितला आजा आठवला. त्या काळी फडाची माती त्याच्या आजानेच खणायची, ढेकळं फोडायची, चाळायची, ताक-तेल घालून मळायची. पूजेचा नारळ फुटला की मात्र त्याने बाहेर येऊन दूर बसायचं आणि आपण मऊ केलेल्या मातीत दुसऱ्यांची पाठ लागलेली बघायची. आज पंडित लांग बांधून त्या मातीत उतरला आणि त्याला कोणी अडवलं नाही. अडवायला कोणाला माहीतच नव्हतं. हात वर करून त्याने फडाला एक फेरी मारली. पंच भगवानराव, फेटा बांधलेला, घामाने बेजार झालेला माणूस, त्याने पंडितचा दंड चाचपला, मग मानवतच्या एका तरण्याबांड पैलवानाला बोलावून दोघांचे हात एकमेकांत दिले आणि जोड पसंत असल्याची मान हलवली. "नाव?" "पंडित." कर्णेवाला पुढे वाकला. "गाव?" "परभणी." "पुढं? वस्ताद कोण, वडिलांचं नाव?" पंडितने श्वास घेतला. समोर हजारो तोंडं होती, उन्हात चमकणारी, गुलाल लावलेली, हसणारी. "एवढंच," तो म्हणाला. "परभणीचे पंडित पैलवान," कर्ण्यातून आवाज झाला, "विरुद्ध मानवतचे बन्सीधर पैलवान." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीही मागितलेला नसताना पंडितने स्वतःच्या हातांनी दुसरा नकाब चढवला होता, आणि याला कापडही लागलं नव्हतं.

बन्सीधर हसरा होता. हातावर माती देताना त्याने विचारलं, "कोणत्या तालमीचा तू?" "कोणत्याच न्हाई." "मंग शिकलास कुठं?" "हिकडं तिकडं." "असं का," बन्सीधर म्हणाला, "मंग जरा जपून खेळतो तुझ्यासंगं." त्यात टोमणा नव्हता. पंडितला वाटलं, हा उगाच चांगला निघाला. एखादा मिशीला पीळ देणारा, थुंकणारा मिळाला असता तर बरं झालं असतं.

हलग्या सुरू झाल्या. पहिल्या काही मिनिटांत पंडितला कळलं की खऱ्या माणसाचं अंग किती जड असतं. कंपनीत कोणी जड नसतं; इथे प्रत्येक बोट सोडवून घ्यावं लागत होतं. तरी ताकद त्याची जास्त होती. बन्सीधरची मान बगलेत आली, मनगट मुठीत आलं, पाय आत गेला, ढाक लागली होती, नुसतं फिरवायचं राहिलं होतं. आणि त्याच्या अंगठ्याने बन्सीधरच्या मनगटावर दोन दाब दिले. तो थांबला. एक श्वास. समोरचा मान आत घेईल म्हणून तो थांबला. बन्सीधरला त्यातलं काय कळणार? त्याने तेवढ्यात कंबर काढून घेतली आणि मागे जाऊन पंडितला कवळ घातली. आणि बन्सीधरचे हात पोटाखाली बसताच पंडितच्या टाचांनी जमीन सोडली. आपण होऊन सोडली. चार वर्षांत शिकवलेलं सगळं अंगाने इमानदारीने केलं, पाठ गोल, वजन हवाली. बन्सीधर स्वतःच गांगरला असणार, इतका हलका माणूस त्याच्या हातात कधी आला नसेल. त्या गांगरण्यात टाकणं तिरकं गेलं आणि पंडित पाठीऐवजी पोटावर पडला, म्हणून वाचला. तोंडात माती गेली. लोक ओरडत होते. त्याला मात्र आत फक्त आईचा आवाज ऐकू येत होता, आतापस्तोर काय खेळत व्हतास. माणूस वैऱ्याशी लढू शकतो. स्वतःच्या मनगटातून, टाचांतून, पाठीच्या कण्यातून बसलेल्या या आज्ञाधारकपणाशी कुठला डाव लावायचा?

तो उठला. पुढची दहा-बारा मिनिटं नुसती खेचाखेच झाली, दोघांचे दम उखडले, कोणीतरी ओरडलं की बरोबरीत सोडवा आता. भगवानरावाने सोडवली नाही. मग पुन्हा तसंच झालं. बन्सीधरची मान बगलेत, मनगट मुठीत, पाय आत. या वेळी पंडितने आपला अंगठा मनगटावरून उचलून हवेत ताठ धरला. नुसता धरायलाही जोर लागला, लहान पोराचं बोट धरून ठेवावं तसा. सांगायचं नाही. कोणालाच काही सांगायचं नाही. आणि त्याने फिरवलं. त्या क्षणी त्याला आनंद झाला, इतका निखळ आनंद की तसा आधी कधी झाला नव्हता. सगळं वजन सगळ्या वजनाविरुद्ध गेलं आणि त्याचं जिंकलं. बन्सीधर शेवटपर्यंत उलट्या बाजूला जोर लावत राहिला, खरा पैलवान लावतो तसा, आणि म्हणून खांद्यावर न पडता मानेवर पडला.

पाठ लागली होती. भगवानरावाने पंडितचा हात वर धरला, हलग्या तापल्या, दोन-तीन फेटे उडाले. मग हलग्या एकेक करून थांबल्या, कारण बन्सीधर उठत नव्हता. तो डोळे उघडे ठेवून आकाशाकडे बघत होता आणि म्हणत होता, "हात हालंना. दोनी हात हालंनात." चार माणसं त्याला बसतं करायला धावली. पंडितने त्यांना ढकललं, गुडघ्यांवर बसला आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, तळवे कानांवर, बोटं मानेखाली. "हालवू नका. फळी आणा, जीप बघा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी असावं, माणसं थांबली. कोणीतरी सरपंचाची जीप आणायला पळालं. ती सेलूला गेली होती. बन्सीधरचा श्वास त्याच्या मनगटांवर येत होता. "मघा डाव लागला व्हता तुझा," बन्सीधर हळू म्हणाला. "तवाच टाकलं असतं तर म्या मऊ पडलो असतो, ताजा व्हतो. थांबलास कामून?" आपण कोणाला टाकलं, हे पंडितला नीट कळत नव्हतं. अंगठा उचलला त्या क्षणी डोळ्यांपुढे बन्सीधर होता की बांधावर उभं राहिलेलं एक धोतर होतं? आनंद कुस्तीचा होता की दहा वर्षं साठलेल्या हिशेबाचा होता? तो मनात मागे जाऊन पुन्हा पुन्हा बघत होता आणि त्याला तिथे कोणाचंच तोंड दिसत नव्हतं, नुसता आपला ताठ धरलेला अंगठा दिसत होता. नियमात होतं, पंच म्हणालाही होता की नियमात आहे. चंद्रभानने याला खून म्हटलं असतं.

गर्दी दाटत आली. उन्हाऐवजी त्याच्यावर माणसांची सावली पडली. पुढे आला तो बन्सीधरचा चुलता माणिकराव, पांढऱ्या टोपीतला, हातात काठी घेतलेला. "हात काढ," तो म्हणाला. "मान हालली तर जाईल," पंडित म्हणाला. "तू डाक्टर हायस का? हे असं टाकतात का माणसाला? कोण हायस तू? ना वस्ताद, ना तालीम. नाव सांग तुपलं. पुरं सांग." मागून दोन-तीन आवाज आले, व्हय, कोण हाय ह्यो, कुठला हाय. पंडितने वर पाहिलं. जे विचारावं म्हणून तो कंपनी सोडून आला होता तेच हे लोक विचारत होते. मघाशी भगवानरावाने विचारलं तेव्हा ते सांगणं किती सोपं होतं. टाळ्यांत विरून गेलं असतं. आता त्या नावाचं या फडात काय होईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. जोड पंचाने लावली होती आणि कुस्ती नियमाने झाली होती, हे सगळं नावापुढे पुसलं जाणार होतं आणि एवढंच उरणार होतं की त्यांच्यातल्या एकाने आमच्या पोराची मान मोडली. गर्दीतून संध्याकाळपर्यंत ते वालूरला जाईल, रात्रीपर्यंत आणखी कुठे. कुठल्या कुठल्या वाड्याच्या तोंडाशी आज कोणी सांगायला येईल, कोणाकडे येणारही नाही. आणि पंडित, परभणी, एवढंच पुन्हा म्हणायला काय हरकत होती? ते खोटंही नव्हतं. जीप येईल, गर्दी फुटेल, तो गाडीत बसून निघून जाईल. सगळ्यांच्या माना सांभाळल्या जातील.

त्याच्या तळव्यांत बन्सीधरचं डोकं होतं, गरम, मातीने भरलेलं. त्या पोराने तरी आपल्याला कोणी पाडलंय हे जाणून घ्यावं, असं पंडितला वाटलं. त्यापुढे त्याला दुसरं कारण सापडलं नाही.

"पंडित आश्रुबा खिल्लारे," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच निघाला. "पिंपळटाकळीचा. बौद्धवाड्यातला."

मागच्या बाजूला कुजबूज सुरू झाली आणि उतारावरून वर वर जात राहिली. मघाशी टाळ्या गेल्या होत्या त्याच वाटेने. भगवानराव उगाच आपला फेटा सारखा करत राहिला. माणिकरावाची नजर पंडितच्या तोंडावरून खाली उतरली आणि आपल्या पुतण्याच्या गालांवरल्या त्या दोन हातांवर थांबली. त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हात काढ म्हणलं ना," तो पुन्हा म्हणाला, पण आता आवाज खाली आला होता आणि त्यात भीती होती, की पंडित खरंच काढेल. बन्सीधरने डोळे मिटले होते. तो कोणाला उद्देशून बोलला ते कळलं नाही. "राहू दे," तो म्हणाला, "सोडू नको."

पंडितने सोडलं नाही. त्याचे खांदे भरून आले होते, गुडघ्याखाली एक खडा रुतत होता, आणि पाठीमागे कोण कोण येऊन उभं राहतंय हे वळून बघता येत नव्हतं. जीप सेलूहून यायला अजून अर्धा तास होता. तेवढा वेळ त्याला हे डोकं आणि हे नाव, दोन्ही तसंच धरून बसायचं होतं.